काळी, पांढरी आणि भिंतीवरच्या तारखा

मागच्या विकांताला इथे काही लिहिलं नाही, कारण मी ढाणकीला होतो आणि दोन दिवस एका भिंतीकडे बघत बसलो होतो. माझ्या टीममधल्यांना यात नवल वाटणार नाही, ऑफिसातही मी तेच करतो असा त्यांचा समज आहे :) पण ही भिंत खरोखरची होती, विटा-सिमेंटची, आणि तिच्यावर पेन्सिलीने सहा तारखा लिहिलेल्या होत्या. त्या लिहायला मीच लावल्या होत्या. आजचा लेख त्या तारखांबद्दल आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्यातलं, उमरखेड तालुक्यातलं गाव. पैनगंगेचं खोरं, कापूस, सोयाबीन, हळद. जिल्हा यवतमाळ असला तरी आम्हाला नांदेड जवळ पडतं. आजोबांचं मातीचं घर जुन्या वस्तीत आहे. काकांनी काही वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या लेआऊटमध्ये प्लॉट घेऊन स्लॅबचं घर बांधलं. त्यात माझ्या सुरुवातीच्या पगारातलेही काही पैसे आहेत, म्हणून त्या घराबद्दल बोलायचा मला थोडाफार हक्क आहे असं मी धरून चालतो. काका तसं धरत नाहीत.

तर झालं असं. चुलतभावाचं लग्न ठरायला आलं आणि काकांनी वर एक मजला चढवायचा घाट घातला. दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा विषय निघाला. "बापू, तीन लाखाचं जमते का बघ." जमत होतं. पण माझं लक्ष हॉलच्या भिंतीकडे होतं. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तडा निघून तिरका वर गेला होता. दुसऱ्या बाजूने, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून, दुसरा एक तडा त्याच्याच दिशेने येत होता. दोघांच्या टोकांमध्ये जेमतेम दीड वीत अंतर. मी विचारलं तर काका म्हणाले, "ते व्हय? ते दरसालचंच हाय. उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात बुजते. मिस्त्री म्हणला, सिमेंट भरून पट्टी मारून देतो, पता बी नाही लागत."

मिस्त्रीचं म्हणणं अगदी खरं आहे. पता लागत नाही. माझी सगळी अडचण तीच आहे.

थोडं मागे जाऊ. तडा म्हणजे नेमकं काय बिघडलेलं असतं? आपण त्याची लांबी बघतो, रुंदी बघतो, 'केसाएवढाच आहे' म्हणतो. पण तड्याचा जो भाग उघडा पडलेला आहे तिथलं काम संपलेलं असतं. खरा कारभार चालतो तो टोकाशी. कापडाच्या दुकानात बघा, दुकानदार कात्रीने बोटभर काप देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. काप न देता ओढा, घाम निघेल. काप दिला की हातांची सगळी ओढ त्या एका टोकाच्या दोन-चार धाग्यांवर येते. ते तुटले की पुढचे दोन-चार.

हे गणितात मांडलं ते चार्ल्स इंग्लिस या इंग्रज इंजिनिअरने, १९१३ साली, जहाजबांधणीवाल्यांच्या सभेपुढे. ओढलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लांबट झालं, लांबी रुंदीच्या दहापट झाली, आणि ओढ त्या लांबीला काटकोनात असली, तर टोकाशी ताण एकवीस पट होतो. तडा म्हणजे रुंदी जवळजवळ शून्य असलेलं भोक. पुढचा हिशोब तुम्हीच करा. म्हणूनच गॅरेजवाला गाडीच्या पत्र्याला तडा गेला की त्याच्या टोकाशी ड्रिलने एक भोक पाडतो. आहे तो पत्रा अजून कमी करून तडा थांबवणं हे वरकरणी वेडेपणाचं वाटतं, पण टोक बोथट झालं की त्याचा जोर ओसरतो.

मग प्रश्न येतो की सगळेच तडे धावत का सुटत नाहीत? हे ग्रिफिथने काच घेऊन दाखवलं, त्याचा निबंध १९२१ चा. नवा पृष्ठभाग तयार करायला खर्च येतो, तो तड्याच्या लांबीच्या पटीत. पण तडा वाढला की आजूबाजूचा ताण सुटतो, ती झाली कमाई, आणि ती वाढते लांबीच्या वर्गाच्या पटीत. लांबी दुप्पट केली तर खर्च दुप्पट, कमाई चौपट. लहान तड्याला हा धंदा परवडत नाही, तो जागेवर बसून राहतो. एका ठराविक लांबीनंतर परवडायला लागतो आणि मग त्याला कोणाच्या मदतीची गरज राहत नाही. म्हणजे 'इतकी वर्षं काही झालं नाही' हे वाक्य तड्याच्या बाबतीत फारसा धीर देणारं नाही. ती मर्यादा येईपर्यंत काही होतच नसतं.

इथपर्यंत एका तड्याची गोष्ट झाली. पण आमच्या भिंतीत दोन होते, आणि मला झोप न येण्याचं कारण ते होतं.

एका वस्तूतल्या दोन तड्यांचं एकमेकांशी काहीतरी चालू असतं. ताणाच्या रेषा म्हणजे पैनगंगेचा प्रवाह समजा आणि तडा म्हणजे पात्रात आडवा पडलेला खडक. पाणी खडकाला वळसा घालून कडेने जोरात जातं. आता एकाच ओळीत दोन आडवे खडक टाका, मध्ये थोडी फट ठेवा. दोन्हीकडून वळलेलं पाणी त्या फटीत घुसतं आणि तिथे सगळ्यात जास्त ओढ असते. एका ओळीत समोरासमोर आलेले दोन तडे एकमेकांना असेच जोर देतात. त्यांच्यामधला शाबूत तुकडा दोघांचाही ताण सोसत असतो. उलट एक खडक दुसऱ्याच्या मागे असेल तर मागच्याला आडोसा मिळतो. समांतर, एकामागे एक असलेले तडे असेच एकमेकांच्या सावलीत राहतात आणि शांत होतात. म्हणजे दहा तडे असलेली भिंत दोन तडे असलेल्या भिंतीपेक्षा वाईटच असते असं नाही. ते कसे मांडलेले आहेत यावर सगळं आहे.

आणि समोरासमोर येणारे दोन तडे नेमके एका रेषेत नसले, थोडे वर-खाली असले, तर ते सरळ जाऊन भेटत नाहीत. जवळ येताना आधी किंचित एकमेकांपासून दूर सरकतात. टोकं एकमेकांना ओलांडून गेली की मग मात्र वळतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या कुशीत जाऊन मिळतो. गावात वाकडं आलेल्या दोन माणसांसारखं: समोरून येताना नजर चुकवतात, पुढे गेल्यावर मान वळवून बघतात. मध्ये डोळ्याच्या आकाराचा एक तुकडा सुटतो. जुन्या रंगाच्या पापुद्र्यात, वाळलेल्या चिखलात, डांबरी रस्त्यावर कुठेही शोधा, हा डोळा सापडेल. एकदा दिसला की मग सगळीकडे दिसतो, हा त्रास मी तुम्हाला फुकट देतोय :)

हा शेजार किती महागात पडतो याचं उदाहरण २८ एप्रिल १९८८ चं. हवाईमधलं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ हवेत असताना त्याच्या पुढच्या भागाचं छप्परच उडून गेलं. एक हवाईसुंदरी बाहेर फेकली गेली आणि तिचा मृत्यू झाला. बाकीच्यांना घेऊन वैमानिकांनी ते उघडं विमान कसंबसं उतरवलं. त्या विमानाची जवळजवळ नव्वद हजार उड्डाणं झालेली होती. दर उड्डाणाला केबिनमध्ये हवा भरायची, उतरल्यावर सोडायची, पत्रा ताणायचा, सैल व्हायचा. पत्र्यांच्या जोडावर रिबिटांची ओळ होती आणि एकेका रिबिटाच्या भोकापाशी बारीक तडे गेले होते. प्रत्येक तडा स्वतःपुरता किरकोळ. पण ते सगळे एका ओळीत होते, आणि एक दिवस त्यांनी हात धरले. चौकशी अहवालातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही: विमानात चढताना एका प्रवासी बाईंना बाहेरच्या पत्र्यावर तडा दिसला होता. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत.

असो. आपण ढाणकीच्या भिंतीकडे येऊ.

भिंत स्वतःहून फाटत नाही, तिला कोणीतरी ओढावं लागतं. आमच्याकडे ओढणारी आहे ती जमीन. काळी कापसाची जमीन, बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातल्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली खनिजं असतात. त्यांचे थर इतके सैल रचलेले असतात की पाणी मिळालं की ते थरांमध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी जातं, माती आकसते. पण सगळी जमीन एकदम कशी आकसणार? आजूबाजूची माती धरून ठेवते, ताण वाढतो आणि भेग पडते. मे महिन्यात आमच्या शेतात काठी आत घातली तर हातभर सहज जाते. लहानपणी त्या भेगांत गोट्या टाकून त्या कुठे जातात यावर आमची भांडणं व्हायची.

या भेगासुद्धा वाचता येतात बरं का. पहिली भेग लांब, सरळ जाते. नंतरची भेग तिच्याजवळ आली की काटकोनात वळून तिला टेकते आणि थांबते. कारण पहिल्या भेगेच्या कडेला त्या कडेपासून दूर नेणारी ओढ उरलेलीच नसते, उरते ती फक्त कडेच्या लांबीच्या दिशेची. त्यामुळे जिथे 'टी'सारखा जोड दिसेल तिथे कोण आधी आलं आणि कोण नंतर हे न विचारता कळतं. तळ्यातल्या पातळ गाळाच्या खपल्या लहान आणि खोल शेतातल्या भेगा दूर दूर, याचंही कारण शेजारच आहे. प्रत्येक भेग साधारण आपल्या खोलीएवढ्या परिसरातला ताण खाऊन टाकते, तिथे दुसरीला काही उरत नाही.

पण तीच माती पुन्हा पुन्हा भिजली आणि वाळली तर? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिकणमातीचा थर असा वारंवार भिजवून वाळवला. सुरुवातीचे काटकोनी जोड दर फेरीला थोडेथोडे सरकत गेले आणि शेवटी तीन भेगा सारख्या कोनात भेटणारे, १२० अंशांचे जोड झाले. म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखे. अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवा, सुमारे दोनशे फूट उंच उभे खांबच्या खांब. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होत आकसताना भेगा आत आत सरकत गेल्या, आणि सरकताना हाच कोन साधत गेल्या. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही शिबल्याजवळ असे खांब सापडले आहेत. तात्पर्य काय, फेऱ्या झाल्या की भेग जागा बदलते, दिशा बदलते. 'उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात बुजते' हे काकांचं वाक्य म्हणूनच अर्धं खरं आहे. बुजते, पण होती तिथेच आणि होती तशीच परत उघडते असं नाही.

आता सिमेंट भरण्याचं बघा. मे महिन्यात, भेग सगळ्यात रुंद असताना, मिस्त्री तिच्यात कडक सिमेंट भरतो. जुलैत जमीन फुगते, भिंत आपल्या मूळ जागी परत यायला बघते. पण परत यायची जागा आता सिमेंटने अडवलेली आहे. मग ती शेजारी कुठेतरी फुटते. पुढच्या मे महिन्यात तिथे सिमेंट. शेतातही हेच होतं: उन्हाळ्यात भेगेत वरची माती पडते, पावसाळ्यात खालची माती फुगली की तिला जागा पुरत नाही, ती वर आणि बाजूला रेटते. काळी जमीन आपली आपणच नांगरते असं शेतकरी म्हणतात ते याचमुळे. शेताला हे नांगरणं मानवतं. भिंतीला मानवत नाही.

मग आजोबांचं घर इतकी वर्षं कसं उभं आहे? याचं उत्तर आपल्या भाषेतच पडून आहे, आपण वापरायचं विसरलो. जुन्या लोकांच्या बोलण्यात गावाच्या जमिनीचे दोन भाग असतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेती. पांढरी म्हणजे गावठाण, वस्तीची जागा. काळीत पेरायचं, पांढरीवर राहायचं. पांढरी माती काळीसारखी फुगत नाही, तिच्याच भिंती घालायच्या. छपराचं वजन लाकडी खांबांवर, भिंत फक्त आडोशाला. मातीच्या भिंतीला तडे जात नव्हते असं नाही, दर वर्षी जात होते. पण माती मऊ, तड्याचं टोक तिथे बोथट होतं, आणि दिवाळीआधी आजी पोतारा घ्यायची तेव्हा ती मऊ गोष्ट मऊ गोष्टीने बुजवत असायची.

आणि आपण काय केलं? गावठाणात जागा उरली नाही, म्हणून शेताचे प्लॉट पाडले. काळीवर लेआऊट झाले. ते होणारच होतं, त्याला माझा विरोध नाही. लोक वाढले तर घरं वाढणार. पण जमीन बदलली तरी पाया बदलला नाही. पुण्यात मुरमावर जसं तीन-चार फूट खोदून घर उभं करतात तसंच इथे काळीत उभं केलं. माझी तक्रार मिस्त्रीबद्दल नाही. तो सांगितलं ते आणि दिलेल्या पैशात करतो. तक्रार माझ्यासारख्यांबद्दल आहे, जे शहरातून पैसे पाठवतात. मी त्या घरासाठी टाइल्सचा रंग फोनवर तासभर निवडला होता. दारांचं लाकूड, किचनचा ओटा, हॉलचं पीओपी, सगळ्यावर मत दिलं होतं. जमिनीत किती खाली मुरूम लागतो हे एकदाही विचारलं नाही. दिसत नाही त्याचे पैसे द्यायला आपल्याला जड जातं. फोटोत येत नाही ना ते.

बरं, ज्ञान नाही म्हणावं तर तसंही नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९५० च्या दशकापासून अशाच जमिनीसाठी खास पाया विकसित केला: साधारण साडेतीन मीटर खोल खड्डा, खाली कंदासारखा फुगवटा, म्हणजे वरची जमीन कितीही हलली तरी घर खालच्या न हलणाऱ्या थराला धरून राहतं. मुंबईच्या आयआयटीतल्या प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा साधारण मीटरभर दाबलेला थर दिला तर खालची फुगवण आवरते. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यांसाठी ही पद्धत वापरली गेली. यात आपल्या ऐपतीबाहेरचं काही नाही. मुरूम आहे, मजूर आहेत, पद्धत आहे. फक्त हे बांधायच्या आधी करायचं असतं.

बांधल्यावर काय, तर त्यालाही आपल्याकडेच मोठं उदाहरण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या वरच्या भागात आडवे तडे गेले, आणि ते कुठे गेले बघा: धरणाच्या मागच्या अंगाचा उतार जिथे एकाएकी बदलतो त्या पातळीच्या आसपास. कोपरा! आमच्या खिडकीच्या आणि कोयनेच्या तड्याचं गणित एकच आहे, आकार जिथे अचानक वळतो तिथे ताण गोळा होतो. पण महत्त्वाची गोष्ट पुढची. तिथे तडे नुसते बुजवून वर रंग मारला नाही. तडे भरले आणि धरणाला मागून आधार देऊन ते मजबूत केलं. तडा पुन्हा उघडू नये म्हणून त्याला उघडणारी ओढ कमी केली. दुरुस्ती याला म्हणतात. बाकीची रंगरंगोटी.

आता काकांची बाजू मांडतो, नाहीतर ते म्हणतील की मुलगा लिहायला शिकला आणि घरच्यांवरच उलटला. त्यांचा पहिला मुद्दा: "या लेआऊटात ज्याच्या त्याच्या भिंतीला तडा हाय. पडलं का एखादं घर?" मुद्दा बिनतोड आहे. बहुतेक तडे खरोखरच निरुपद्रवी असतात, काही तर एकमेकांच्या सावलीत शांत झालेले असतात. दुसरा मुद्दा मिस्त्रीचा: वरून वजन आलं की घर दबून राहील, जमीन उचलणार नाही. यातही तथ्य आहे, हलक्या घरांना फुगवणीचा त्रास जास्त होतो. पण आकसताना काय? तेव्हा तेच वजन खचलेल्या कोपऱ्याला आणखी खाली नेईल. आणि तिसरा मुद्दा, जो कोणी मोठ्याने बोललं नाही: नवी सून येणार, तिला स्वतःची खोली नको का? याचं उत्तर ग्रिफिथकडे नाही.

मग कोणता तडा निरुपद्रवी आणि कोणता नाही, हे ठरवायचं कसं? मला एकच साधन सुचलं, दोन रुपयांची पेन्सिल. दोन्ही तड्यांच्या टोकांशी बारीक आडवी रेघ आणि शेजारी तारीख. दिवाळीला पहिली रेघ मी ओढली. पुढे माझी भाची महिन्या-दीड महिन्याने भिंत बघायची, टोक पुढे गेलं असेल तर नवी रेघ मारायची, नसेल तर जुन्याच रेघेपाशी नवी तारीख लिहायची आणि फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायची. माझं म्हणणं इतकंच होतं: उन्हाळा संपेपर्यंत टोकं हलली नाहीत तर तीन लाख पाठवतो आणि पुन्हा तोंड उघडत नाही. काका महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. काकूंनी फोनवर सांगितलं, "पैशाचं नाही म्हणायचं व्हतं तं सरळ नाही म्हणायचं, भिंतीला कायले मधात घालतं?" हे लागलं. कारण तेही अर्धं खरं असेल की काय, अशी शंका मलाच आली.

संक्रांतीपर्यंत दोन्ही टोकं जागेवर होती. होळीनंतर हलली. मे महिन्यात खिडकीचा तडा चार बोटं पुढे आला होता आणि दाराचा तीन बोटं. मागच्या विकांताला मी बघितलं तेव्हा टोकं एकमेकांना ओलांडून गेली होती आणि दोन्ही हलकेच वळायला लागली होती. मी वर ज्या डोळ्याचं वर्णन केलं तो आमच्या हॉलमध्ये अर्धा उघडला होता. २०२४ साली हिंगोली जिल्ह्यात २१ मार्चला आणि १० जुलैला ४.५ तीव्रतेचे दोन भूकंप झाले, तेव्हा आमच्याकडे भांडी वाजली होती. त्या घरावर आणखी एक मजला असता तर, हा विचार मी काकांसमोर बोललो नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की बोलायची गरज नव्हती.

उमरखेडहून एका सिव्हिल इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी भिंतीकडे पाच मिनिटं बघितलं आणि घराभोवती अर्धा तास फिरले. न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं मागच्या एका कोपऱ्यात मुरत होतं, तो कोपरा बारा महिने ओला. त्याच्या समोरच्या कोपऱ्याला लागून कडुलिंब, तो उन्हाळ्यात असेल नसेल तो ओलावा ओढून घेतो. एक कोपरा फुगलेला, दुसरा आकसलेला, मध्ये आमची भिंत. त्यांनी सांगितलेली कामं अशी: न्हाणीचं पाणी पाइपने लांब न्या, घराभोवती बाहेर उतार असलेली चार फुटांची फरशी करा म्हणजे पायाखालचा ओलावा बारा महिने सारखा राहील, झाडाचं काय करायचं ते बघू, एका कोपऱ्याला खड्डा घेऊन मुरूम किती खाली आहे ते तपासा. आणि एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या, मग वरच्या मजल्याचं बोला. तडा आताच भरू नका. भरायचाच तर पावसाळ्यानंतर, आणि कडक सिमेंटने नाही.

याला तीन लाखांतले किती लागतील ते अजून कळायचं आहे. बाकीचे आजोबांच्या घराला. त्यातल्या दोन खोल्या नीट करून नव्या जोडप्याला सध्या तिथे राहायला द्यायचं, असं चुलतभावानेच सुचवलं. काकूंना पटलेलं नाही. पांढरीवरचं घर म्हणजे त्यांच्या दृष्टीने मागे जाणं आहे, आणि सोयऱ्यांना काय सांगायचं हा प्रश्न त्यांचा आहे, माझा नाही. मी रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला परत आलो, त्यांना मात्र तिथे रोज राहायचं आहे, हे मला कळतं.

तुमच्यापैकी कितीतरी जणांचं असं एक घर कुठे ना कुठे असेल. पुढच्या वेळी गेलात की पेन्सिल घेऊन जा. तड्याची लांबी मोजत बसू नका, टोक शोधा, तारीख घाला, आणि ते टोक कोणाच्या दिशेने निघालंय ते बघा. मग घराबाहेर जाऊन पाणी कुठे मुरतंय ते बघा. आणि कोणी नवं बांधत असेल तर टाइल्सच्या आधी एक खड्डा खोदायला लावा. मी ते केलं नाही, म्हणून सांगतोय.

तारखा सहा होत्या असं सुरुवातीला म्हणालो. पहिली माझ्या हातची, पुढच्या चार भाचीच्या, शाळेतल्या सुवाच्य अक्षरात. सहावी, मागच्या शनिवारची, मी पोचायच्या आधीच लिहिलेली होती. अक्षर काकांचं होतं.

पुढच्या विकांताला भेटूच.